पशुविज्ञानाच्या पदव्या : फी किती, वर्षं किती आणि शेवटी हाती काय

जनावरांशी संबंधित पदवी घ्यायची तर महाराष्ट्रात मुख्य वाटा चार : पशुवैद्यकीची बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच., दुग्धतंत्रज्ञानाची बी.टेक., बी.एस्सी. (कृषी) करून पुढे पशुसंवर्धन व दुग्धशास्त्रात एम.एस्सी., आणि मत्स्यशास्त्राची बी.एफ.एस्सी. बहुतेक घरांत त्यांची तुलना वार्षिक फीवरून होते, आणि तिथंच गणित चुकतं. शासकीय महाविद्यालयात फी हा खर्चातला लहान भाग असतो. मोठा खर्च होतो तो वर्षांचा. आणि परतावा ठरतो एका गोष्टीवर : ही पदवी घेतल्यावर आजारी जनावराच्या औषधचिठ्ठीवर तुमची सही कायद्यानं चालते की नाही.

आधी वर्षांचं बघू. पशुवैद्यकीची पदवी साडेपाच वर्षांची आहे, साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. दुग्धतंत्रज्ञान, कृषी आणि मत्स्यशास्त्र चार-चार वर्षांचे. हिशेबासाठी खोली, मेस, प्रवास आणि किरकोळ मिळून महिना ८,००० रुपये धरू (गावानुसार हा आकडा बदला, मुंबईतल्या परळला तो पुरणार नाही). साडेपाच वर्षांचे ६६ महिने, म्हणजे ५,२८,००० रुपये. चार वर्षांचे ४८ महिने, म्हणजे ३,८४,०००. फरक १,४४,००० रुपयांचा. शिवाय चार वर्षांत बाहेर पडलेला मुलगा त्या दीड वर्षात २०,००० रुपये पगारावर लागला असं धरलं, तर त्याचे आणखी ३,६०,०००. म्हणजे फी बाजूला ठेवूनही पशुवैद्यकी साधारण पाच लाखांनी महाग पडते. यातून इंटर्नशिपच्या वर्षाचं विद्यावेतन वजा करायचं. पशुवैद्यकीच्या प्रवेशाला लागणाऱ्या नीट परीक्षेसाठी एक वर्ष ड्रॉप घेतला असेल, तर ते वर्ष आणि क्लासची फी मिळवायची. हा ड्रॉपचा खर्च जवळपास कुणीच धरत नाही.

हाच हिशेब कृषी पदवी अधिक एम.एस्सी. या वाटेला लावला, तर चित्र उलटतं. चार अधिक दोन मिळून सहा वर्षं, म्हणजे ७२ महिने आणि ५,७६,००० रुपये. नीटला गुण कमी पडले म्हणून स्वस्त आणि सोपी म्हणून निवडलेली ही वाट पशुवैद्यकीपेक्षा सहा महिन्यांनी लांब आहे आणि तिच्या शेवटी उपचाराचा अधिकार नाही. पदव्युत्तर प्रवेशाच्या अखिल भारतीय परीक्षेत वरचा क्रमांक काढून आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) १२,६४० रुपये महिना शिष्यवृत्ती मिळवली, तरच गणित बदलतं. दोन वर्षांचे ३,०३,३६० रुपये होतात आणि राहण्या-जेवण्याचा पदव्युत्तर खर्च त्यात भागून उरतो. त्या क्रमांकाची तयारी पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून करणाऱ्यालाच ही वाट परवडते, असं आमचं स्पष्ट मत आहे.

फीची बाजूही थोडक्यात बघू. ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती योजना आहे, वसतिगृहाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना आहे, आणि अर्ज महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर होतात. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या, याच उत्पन्नमर्यादेतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे. सवलत या दोन शुल्कांपुरतीच आहे. मेस, खोली, अनामत रक्कम आणि पुस्तकं घरूनच भागवावी लागतात, आणि वर दाखवल्याप्रमाणे मोठा आकडा तोच आहे. ‘मुलींना फुकट’ एवढंच ऐकून आलेल्या पालकांची पहिल्याच महिन्यात धावपळ होते.

पशुवैद्यकीची पदवी

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ मधलं कलम ३० ही या सगळ्या तुलनेची कळ आहे. नोंदणीकृत पशुवैद्यकाशिवाय कुणालाही पशुवैद्यकीय व्यवसाय करता येत नाही. नोंदणी होते ती परिषदेनं मान्य केलेल्या पदवीवर. एम.एस्सी. पशुसंवर्धन, एम.एस्सी. प्राणिशास्त्र, दुग्धतंत्रज्ञान, या पदव्या कितीही चांगल्या असल्या तरी त्यांवर ही नोंदणी मिळत नाही. खर्चातला पाच लाखांचा फरक या नोंदणीसाठी मोजायचा असतो, आणि तो मोजण्यासारखा आहे.

नोंदणी असेल तर पुढे वाटा बऱ्याच. महाराष्ट्र लोकसेवा आयोगातून पशुधन विकास अधिकारी, गट अ, वेतनस्तर एस-२०, मूळ वेतन ५६,१०० पासून. २०२५ मध्ये आयोगानं या पदाच्या २,७९५ जागांची जाहिरात काढली. आकडा मोठा आहे, पण तो पाहून हुरळून जाऊ नका. इतकी मोठी भरती अनेक वर्षांच्या रिकाम्या जागा साठल्यावर येते, दरवर्षी नाही. तुमची तुकडी बाहेर पडेल तेव्हा जाहिरात असेलच असं नाही, म्हणून दोन-तीन वर्षं दुसरीकडे काम करण्याची तयारी हवी. ती कामं म्हणजे १९६२ या क्रमांकावर चालणाऱ्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकांतली कंत्राटी जागा, सहकारी दूध संघाची पशुवैद्यकीय सेवा, कुक्कुटपालन आणि पशुखाद्य कंपन्या, औषध कंपन्यांची तांत्रिक सेवा, बायफसारख्या ग्रामविकास संस्था, सैन्याचा रिमाउंट व्हेटर्नरी कोअर, आणि पुण्या-मुंबईत कुत्र्या-मांजरांचे दवाखाने. स्वतःचा दवाखाना टाकायचा असेल तर पदवीनंतर किमान वर्षभर दुसऱ्याच्या हाताखाली काम करा. एक्स-रे आणि सोनोग्राफीत पैसे गुंतवण्याआधी रोज किती जनावरं येतात हे कळलेलं बरं.

माफसूची, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची परळ, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ ही पाच जुनी महाविद्यालयं. पदवी एकच असली तरी शिकायला मिळतं ते एकसारखं नाही, आणि पसंतीक्रम भरताना लोक हे बघत नाहीत. परळचं महाविद्यालय १८८६ चं. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय त्याच आवारात असल्यानं कुत्री-मांजरं भरपूर हाताखालून जातात, गायी-म्हशी तुलनेनं कमी. राहण्याचा खर्च पाचांत सर्वांत जास्त तिथेच. नागपूरला गोरेवाड्याच्या वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्रामुळे वन्यप्राण्यांचं काम जवळून बघता येतं. परभणी आणि उदगीरला लाल कंधारी आणि देवणी गायी, मराठवाडी म्हैस आणि उस्मानाबादी शेळी दारातच. शिरवळ पुणे-सातारा रस्त्यावर, संकरित गायींच्या आणि पोल्ट्रीच्या पट्ट्यात. गावाकडे मोठ्या जनावरांची प्रॅक्टिस करायची असेल, तर केवळ नाव मोठं म्हणून परळ वर टाकू नका. आमच्या मते त्या मुलासाठी शिरवळ किंवा उदगीर सरस.

महाविद्यालयाची खरी पारख फार्मवर आणि ओपीडीत होते. कृत्रिम रेतनाचंच घ्या. ०.२५ मिलीची गोठीत रेतमात्रा (वीर्याची बारीक नळी) उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नत्रातून चिमट्यानं काढायची, ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद धरायची, पुसून पूर्ण कोरडी करायची, रेतनाच्या सळीसारख्या गनमध्ये भरून नळीचं टोक कापायचं, वर शीथ, म्हणजे आवरण, चढवायची. मग खांद्यापर्यंत हातमोजा घालून गुदाशयातून गर्भाशयाचं मुख पकडायचं आणि गन त्याच्या कड्यांतून हळूहळू पार न्यायची. रेतमात्रा सोडायची ती मुख ओलांडल्यावर लगेच. गन फार पुढे गेली तर गर्भाशयाच्या एकाच शिंगात (फाट्यात) रेतन होतं आणि गर्भाशयाला इजाही होऊ शकते, मागे राहिली तर गाय उलटते, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येते. पाण्याचा अंश राहिला किंवा मात्रा वितळवून तशीच उन्हात धरून ठेवली, तर शुक्राणू तिथेच मरतात. हे बघून येत नाही, हाताला सवय लागावी लागते. म्हणून प्रवेशाआधी वरच्या वर्गातल्या मुलांना एकच विचारा : तपासणीला आणि रेतनाला गायी प्रत्यक्ष किती मिळतात, की दहा जणांमागे एक? ओपीडीच्या रजिस्टरात रोजच्या नोंदी किती पडतात तेही बघा. चकचकीत इमारतीपेक्षा हे दोन आकडे महत्त्वाचे.

अभ्यास कठीण आहे हे सांगायला हवं. पहिल्याच वर्षी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायन, पशुधन उत्पादन व्यवस्थापन. शरीररचनेत गाय मूळ धरून घोडा, कुत्रा, डुक्कर आणि कोंबडी यांच्यातले फरक हाडागणिक पाठ करावे लागतात. परीक्षा वार्षिक पद्धतीनं होतात, त्यामुळे विषय अडकला की महिने नाही, अख्खं वर्ष जाण्याची भीती असते आणि वरच्या हिशेबात आणखी १२ महिने चढतात. हजेरी ७५ टक्के लागते. पहिल्या वर्षी तेवढी हजेरी आणि शरीररचनेची रोजची दोन तासांची उजळणी एवढं सांभाळलं, तर पुढची वर्षं बरीच सरळ जातात.

परराज्यातल्या खासगी महाविद्यालयांबद्दल मात्र सावध राहा. एकूण फी काही लाखांत जाते. १२ लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, सात वर्षांची मुदत असं धरलं तर महिन्याचा हप्ता साधारण १९,९०० रुपये येतो, आणि शिकत असताना चढलेलं व्याज त्यात धरलेलंच नाही. सुरुवातीच्या कंत्राटी पगारातून हा हप्ता देणं जिकिरीचं आहे. त्याहून मोठा धोका मान्यतेचा. महाविद्यालय सुरू करण्याची परवानगी आणि पदवीचा अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत समावेश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एजंट पहिलीचं पत्र दाखवतो, नोंदणीसाठी दुसरी लागते. परिषदेच्या यादीत त्या महाविद्यालयाचं नाव स्वतः वाचल्याशिवाय एक रुपयाही भरू नका. नावात ‘ॲनिमल सायन्स’ असलेल्या तीन वर्षांच्या बी.एस्सी. अभ्यासक्रमांनी तर अनेक घरांची फसगत होते. तिथून पशुवैद्यक होता येत नाही.

दुग्धतंत्रज्ञान

लवकर पगार सुरू व्हावा अशी घरची निकड असेल, तर चौघांत आमची पसंती याच पदवीला. प्रवेश एमएचटी-सीईटीतून, गणित लागतं, आणि माफसूची महाविद्यालयं वरूड (पुसद) आणि उदगीर इथे आहेत. जीवशास्त्र घेऊन गणित सोडलेल्यांना हे दार बंद होतं, म्हणून अकरावीतच दोन्ही विषय ठेवावेत.

शिकवतात ते कारखान्याचं काम : दूध स्वीकृती, पाश्चरीकरण, भुकटी, लोणी, चीज, शीतकरण, बॉयलर, पॅकिंग, आणि सगळ्यांच्या मुळाशी तपासणी. गर्बर पद्धतीनं फॅट काढायचं तर ब्युटायरोमीटर या खुणा असलेल्या काचेच्या नळीत १० मिली गंधकाम्ल, त्यावर बाजूनं हळूच १०.७५ मिली दूध, मग १ मिली अमाइल अल्कोहोल, बूच लावून घुसळायचं, मिनिटाला सुमारे १,१०० फेऱ्यांवर चार-पाच मिनिटं फिरवायचं आणि ६५ अंशांच्या पाण्यात ठेवून वाचायचं. आम्ल जास्त तीव्र असलं तर स्तंभ करपून काळा दिसतो, सौम्य असलं तर खाली पांढरे कण राहतात. दोन्ही वेळा वाचन चुकतं. राज्यात गायीच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर (फॅट सोडून उरलेल्या घन पदार्थांवर) ठरतो आणि त्याखाली कपात लागते, त्यामुळे ०.१ चं चुकीचं वाचन थेट शेतकऱ्याच्या बिलातून जातं. हे काम नेकीनं करणाऱ्या माणसाला दूध संघात मान असतो, आणि तो मिळायलाच हवा.

शेवटच्या वर्षातलं प्लँटमधलं प्रशिक्षण हीच खरी नोकरीची परीक्षा. गोकुळ, वारणा, चितळे अशा मोठ्या प्लँटमध्ये जागा मिळाली तर तिथले लोक तुमचं काम रोज बघतात. सुरुवात शिफ्टमधून होते. दूध रात्री येतं, त्यामुळे रात्रपाळी टळत नाही, आणि पहिली दोन-तीन वर्षं पगार फार हलत नाही. उत्पादनापेक्षा गुणवत्ता विभागात सुरुवात केलेल्यांना पुढे आइस्क्रीम, बेकरी, पेयं अशा इतर अन्नउद्योगांत सहज जाता येतं. अन्न सुरक्षा अधिकारी या शासकीय पदालाही ही पदवी चालते. पशुवैद्यक आणि कृषी पदवीधरही त्याला पात्र आहेत, त्यामुळे स्पर्धा मोठी आहे.

कृषी, मत्स्य आणि पदविका

कृषी पदवीत पशुसंवर्धनाचे विषय मोजके असतात. गोठा व्यवस्थापन, चारापिकं आणि दुग्धशास्त्र यांची ओळख होते, त्याहून जास्त नाही. बॅंकेत किंवा स्पर्धा परीक्षेत जायचं असेल तर ही पदवी उत्तम. बॅंकभरती करणाऱ्या आयबीपीएसची कृषी क्षेत्र अधिकारी परीक्षा खरं तर चारही पदव्यांना खुली आहे, पण तिचा अभ्यासक्रम कृषी पदवीधरांच्या सर्वांत जवळचा. खासगी कृषी महाविद्यालयांची फी शासकीयपेक्षा बरीच जास्त आहे. तेवढे पैसे मोजून पुढे पुन्हा एम.एस्सी.साठी थांबण्यापेक्षा दुग्धतंत्रज्ञान घेतलेलं बरं.

मत्स्यशास्त्रासाठी नागपूर आणि उदगीर माफसूकडे, आणि रत्नागिरीजवळचं शिरगावचं महाविद्यालय दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे. किनाऱ्यावरचं काम, कोळंबी संवर्धन, बीजोत्पादन केंद्र किंवा निर्यात प्रक्रिया यांची मनापासून आवड असेल तरच जा. गुण कमी पडले म्हणून घेऊ नका. घरून बाहेर पडण्याची आणि आंध्र, गुजरातच्या तळ्यांवर राहण्याची तयारी असेल, तर पदवीचं चीज होतं.

पशुसंवर्धनाची पदविका पदवीत मोडत नाही, पण विचारणा तिचीच जास्त होते. खर्च सर्वांत कमी, वय लहान असतानाच हाताला काम. कायद्यानं पदविकाधारकाला नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा देता येतात : लस टोचणं, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी आणि राज्य शासनानं अधिसूचित केलेले इतर प्राथमिक उपचार. त्यापलीकडे जाऊन स्वतंत्रपणे सलाईन लावणं, प्रतिजैविकं देणं, शस्त्रक्रिया करणं हा गुन्हा ठरतो. गावात गरज मोठी असल्यानं मुलं त्यात ओढली जातात आणि जनावर दगावलं की एकटी पडतात. पदविका घ्यायची तर रेतन, लसीकरण आणि स्वतःचा गोठा एवढ्याच आखणीनं घ्यावी.

परदेशाचा विचार

अमेरिकेत चार वर्षांची ‘ॲनिमल सायन्स’ पदवी म्हणजे पशुवैद्यकी नव्हे. त्यानंतर डीव्हीएम या तिथल्या पशुवैद्यकी पदवीची आणखी चार वर्षं लागतात, आणि तो खर्च इथल्या मध्यमवर्गीय घराच्या आवाक्याबाहेरचा आहे. बारावीनंतर त्या पदवीसाठी कर्ज काढू नये. त्यापेक्षा इथून पशुवैद्यक होऊन जाणं फार स्वस्त पडतं. तिथं प्रॅक्टिस करायची तर ईसीएफव्हीजी या परदेशी पशुवैद्यकांसाठीच्या प्रमाणपत्र प्रक्रियेतून जावं लागतं : कागदपत्रं, इंग्रजीची परीक्षा, बीसीएसई ही लेखी परीक्षा, आणि शेवटी प्रत्यक्ष कौशल्यांची सीपीई. त्याशिवाय परवान्यासाठी नॅव्हली ही परीक्षा. अडतात लोक सीपीईला, कारण तिथं भूल, शस्त्रक्रिया, घोडा आणि गाय सगळं हातानं करून दाखवावं लागतं. म्हणून कॉलेजात गायी किती मिळतात हा वरचा प्रश्न इथंही लागू होतो. संशोधनाकडे कल असेल तर पशुपोषण किंवा पशुजनुकशास्त्रात एम.एस. किंवा पीएच.डी. करा, आणि ती असिस्टंटशिप मिळाली तरच. त्यात शिकवणी शुल्क माफ होऊन महिन्याचा खर्च निघतो.

अर्ज भरताना

पशुवैद्यकीसाठी नीट देऊन भागत नाही. राज्याच्या जागांसाठी माफसूचा अर्ज वेगळा, आणि १५ टक्के अखिल भारतीय जागांसाठी पशुवैद्यक परिषदेची नोंदणी वेगळी. दुसरी बहुतेकांकडून राहून जाते. बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के लागतात. नीटचे गुण चांगले असूनही इंग्रजीनं एकूण टक्केवारी खाली ओढल्यामुळे प्रवेश हुकतो, तेव्हा इंग्रजीकडे दुर्लक्ष नको. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच समितीकडे टाका. निकालानंतर धावलात तर पावतीवर तात्पुरता प्रवेश मिळेलही, पण मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही तर जागा जाते. नॉन क्रीमी लेअर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे हातातलं प्रमाणपत्र कोणत्या वर्षापर्यंत वैध आहे ते तारीख वाचून बघा. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला एप्रिलमध्येच काढून ठेवा, जूनमध्ये सेतू केंद्रात रांग लागते. बॅंक खातं विद्यार्थ्याच्याच नावावर आणि आधारशी जोडलेलं हवं. ते नसेल तर महाडीबीटीचा अर्ज मंजूर होऊनही पैसे जमा होत नाहीत, आणि वसतिगृहाचा दुसरा हप्ता पुन्हा घरूनच भरावा लागतो.